मेंढरं बोलावल्याशिवाय येत नाहीत

विश्रामबाग, सोमवार

हा प्रवास मी हौसेनं केलेला नाही, रागानं केलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. विश्रामबागेतून सातारा, साताऱ्याहून आटपाडी, आटपाडीहून पलूस आणि पलूसहून पुन्हा आटपाडी अशी मी आठवडाभर गरगरले. पलूस माझ्या घरापासून तासाभरावर आहे. तिथं पोचायला मला गुरुवार उजाडला. का, ते पुढं येईलच.

मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई आहे. पोस्टात पहिल्याच दिवशी मनावर ठसवतात ते हे, की दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही. उघडून त्यात आपल्या चार ओळी घालणं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. निवृत्तीनंतर मी हिंडायला लागले, हिंडलेलं लिहायला लागले, आणि मग मला हेच काम आनंदानं करणारे लोक भेटले. त्यांना संपादक म्हणतात.

माझं लिखाण एका ऑनलाइन मासिकात येतं. दहाबारा माणसं नोकरीधंदा सांभाळून ते चालवतात. कुणी पगार घेत नाही ही त्यांची थोरवी, आणि काहीही विचारलं की तेच ऐकवतात हा त्यांचा बचाव. त्यांनी 'सर्जनशील प्रवासलेखन' मागवलं तेव्हा मी पलूसच्या तीन सकाळींबद्दल लिहून पाठवलं होतं. गेल्या हिवाळ्यात मी तिथं भाचीकडे गेले होते. ऊस तुटून गेलेल्या एका रानात मेंढरं बसलेली दिसली आणि त्यांच्यापाशी चूल पेटवून बसलेली हौसाबाई. आटपाडीकडची, माझ्याच वयाची, आवाज असा की बांधापलीकडचं कुत्रंही गप्प बसावं. तिनं चहा दिला, मी बसले. तीन दिवस रोज गेले.

लेख आला भाद्रपदात. मी फोन उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझं साधंसुधं शीर्षक जाऊन तिथं 'तहानलेल्या वाटा' आलं होतं. कृष्णाकाठच्या पलूसला तहान! हौसाबाईच्या चहाचा आणि लसणीच्या चटणीचा अख्खा परिच्छेद गायब. त्याच्या जागी 'तिच्या डोळ्यांत दुष्काळ साचला होता' हे वाक्य, जे मी जन्मात लिहिलं नसतं. आणि वर फोटो. केशरी फेट्यातला कुणी परमुलखातला म्हातारा आणि त्याच्या मागं चक्क उंट. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी शाळेत शिकले होते, या मंडळींनी ती छापून दाखवली.

मी रागारागानं एक लांबलचक ईमेल पाठवली. 'आपल्या सूचनेबद्दल आभार' असं उत्तर आलं. एवढ्यावरच मी चरफडत गप्प बसले असते, पण सोमवारी सकाळी हौसाबाईच्या सुनेचा, रेखाचा फोन आला.

"बाई, तुमी काय लिवून ठिवलंय आमच्या आत्यांबद्दल?" आत्या म्हणजे सासूबाई. "पलूसचं तानाजीराव हायत न्हवं, ज्यांच्या रानात आमची मेंढरं बसत्यात, ते दरसाल घट बसायच्या आत आमच्या दारात येत्यात, या म्हणून सांगायला. यंदा आलंच न्हाईत. तुमचा लेख त्यांच्या गावाच्या ग्रुपवर फिरलाय म्हणं. आत्या लय तापल्यात. ते आल्याबिगर हालायचं न्हाई म्हणत्यात, आन हितं तर चारा संपत आलाय."

घट रविवारी बसायचे होते. म्हणजे हातात सहा दिवस. मला क्षणभरही शंका आली नाही. हा सगळा त्या डोळ्यांतल्या दुष्काळाचा आणि उंटाचा प्रताप. ठरवलं, आधी साताऱ्याला जायचं, तिथं बसणाऱ्या संपादिकेकडून ते सगळं काढून घ्यायचं, आणि मगच हौसाबाईला तोंड दाखवायचं. आमचे हे म्हणाले, "अगं, फोन कर की." फोनवर भांडण नीट होत नाही. मी पिशवी भरली.

सातारा, मंगळवार

संपादिका दातांची डॉक्टर निघाली. पोवई नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर तिचा दवाखाना. नाव मानसी, वय पस्तिशीचं, बोलणं गोड. मी नाव सांगितल्यावर ती इतकी खूश झाली की भांडण सुरू करायला मला जरा अवघडच गेलं. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून बसले होते. मानसीनं त्यांना इंजेक्शन दिलं, हातमोजे काढले आणि माझ्याकडे वळली.

"बोला काकू. भूल चढायला दहा मिनिटं लागतात. मी मासिकाचं काम याच वेळात करते."

"म्हणजे माझी हौसाबाई तुम्ही दहा मिनिटांत संपवलीत?"

"तुमचा लेख मोठा होता. तीन पेशंट लागले."

मी उंटाचा विषय काढला. तहान काढली. डोळ्यांतला दुष्काळ काढला. चटणी कुठं गेली ते विचारलं. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, वाचकाला पहिल्या दोन ओळींत काहीतरी टोचलं पाहिजे, नाहीतर तो पुढं वाचत नाही. चटणीनं टोचत नाही का, असं मी विचारलं.

"काकू, आम्ही सगळे हे हौसेनं करतो हो."

"दाढ काढता का हौसेनं? समोरची दुखत असताना शेजारची?"

खुर्चीतले गृहस्थ हसले. भूल चढलेली असल्यामुळे त्यांची लाळ गळली आणि मानसीला धावावं लागलं. त्यानंतर तिनं दोन गोष्टी केल्या. फोटो माझ्यादेखत काढून टाकला. आणि सांगितलं की छापलेल्या मजकुरात बदल करायचा तर चौघांची संमती लागते, त्यातले एक कॅनडात असतात आणि आत्ता झोपलेले असतील. एवढी मोठी लोकशाही! उंट घालताना कुणाची संमती घेतली होती, असं मी विचारलं, तर तिनं हातमोजे पुन्हा चढवले.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. "काकू, मी तुमच्या लेखात एवढेच बदल केलेत, शीर्षक, एक परिच्छेद आणि एक वाक्य. बाकी शब्द न शब्द तुमचा आहे." मी त्याकडे लक्ष दिलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत मी हौसाबाईसाठी अर्धा किलो कंदी पेढे घेतले आणि लॉजवर जाऊन पडले.

आटपाडी, बुधवार

थेट गाडी रद्द झाली होती. दहिवडीला एकदा आणि म्हसवडला एकदा गाडी बदलली. मध्येच एका बाईनं कांद्याचं पोतं माझ्या पिशवीवर ठेवलं आणि पेढ्यांचा गोळा झाला. खिडकीबाहेर पुसेगाव मागं पडलं तशी हिरवळ विरळ होत गेली. उघडे डोंगर, माथ्यावर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या, खाली बाजरीचे तुकडे. आटपाडीच्या जवळ डाळिंबाच्या बागा लागल्या. दुष्काळ म्हणून ज्या मुलखावर आम्ही कृष्णाकाठचे लोक सुस्कारे सोडतो, तिथं इतकी निगुतीनं लावलेली झाडं बघून मला जरा शरम वाटली.

हौसाबाईचं घर गावाबाहेर, सिमेंटचं, दोन खोल्यांचं. पुढं मेंढरांचा मोकळा वाडगा. मालक, म्हणजे तिचे यजमान, मेंढरांमागं रानात गेलेले. मला बघून ती उठली नाही. "बस," म्हणाली. रेखानं पाणी आणलं. मी पेढ्यांचा गोळा पुढं केला आणि लगेच सुरू झाले. ते मासिकवाले कसे आहेत, उंट कुणी घातला, मी कशी भांडून आले.

"त्यो उंट व्हय?" हौसाबाई एकदम हसायलाच लागली. हसताना तिला ठसका लागला. "आगं, आमच्या मालकानं त्यो फोटू चार जणांस्नी दावला. म्हनलं, बघा, छापून आलंय, आता उंट घ्या."

"आणि ते डोळ्यांत दुष्काळ..."

"आसंल बाई. ह्या मुलखात दुष्काळ डोळ्यात न्हाई तर कुठं असायचा? त्येचं न्हाई मला काय." तिचं हसू गेलं. "रेखा, ते वाच गं."

रेखानं फोनवर वाचून दाखवलं : "दिवस मावळला की ही साधीभोळी माणसं आसऱ्यासाठी कुणाच्या तरी रानात उतरतात, आणि इथला शेतकरीही मनाचा मोठा, तो त्यांना हाकलत नाही."

"हे त्यांनीच घुसडलंय," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "थांबा, मी पाठवलेला लेख दाखवते तुम्हाला." मी ईमेल उघडली. दुसऱ्याच पानावर ते वाक्य होतं. साधीभोळी, आसरा, मनाचा मोठा, हाकलत नाही, सगळं जसंच्या तसं. लिहिताना ते मला आवडलं होतं, दोनदा वाचलं होतं, हेही आठवलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. मी फोन पालथा ठेवला.

"माझंच आहे," म्हणाले.

हौसाबाईनं मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. मेंढरं एक रात रानात बसली की त्या जमिनीला लेंडीखत मिळतं, तसं खत दुसरं नाही. ऊस घेऊन घेऊन पिवळ्या पडलेल्या जमिनी त्यानं पुन्हा काळ्या होतात. म्हणून शेतकरी धनगरांना बोलावतो, धान्य देतो, आणि आमच्याकडंच बसा म्हणून आधी येऊन सांगून ठेवतो, नाहीतर शेजारचा पळवतो.

"अठ्ठावीस वरसं झाली. पयल्यांदा तानाजीचा बा आला हुता, ह्याच दारात. दोन दिस बसून ऱ्हायला, तवा आमी व्हय म्हनलं. त्यो गेला, मंग तानाजी यायला लागला. आमी बोलावल्याबिगर कुणाच्या बांधावर पाय देत न्हाई. आन तू लिवलंस, हाकलत न्हाई म्हणून."

मी पेढ्यांचा गोळा उगाच नीट करायला लागले.

"तीन दिस आलीस. लगीन कवा झालं, पोरं किती, चटणीत काय घालतीस, समदं इचारलंस. तुमाला हितं कुणी बोलावलं, तेवढं इचारलं न्हाईस."

आमच्या विश्रामबागेत आता लग्नाचं आमंत्रणही फोनवर येतं. पत्रिकेचा फोटो, खाली हात जोडलेलं चित्र, की झालं. आम्ही जातोही. मला मात्र त्या दिवशी कळलं की इथं कुणी कुणाच्या दारात चालत जायचं, यावर अख्ख्या घराची पत ठरते. ती मी एका गोड वाक्यात उलटी करून टाकली होती.

ते वाक्य काढायला लावते, असं मी म्हणाले. कॅनडातल्या माणसाला उठवून काढायला लावते.

"पुसून काय हुतंय? वाचायचं ते वाचलंय त्यांनी. तू जा पलूसला. त्येला सांग."

"आणि तो तरीही नाही आला तर? चारा संपलाय म्हणते रेखा."

"तर न्हाई जायचं. दुसरीकडं जाऊ, कमी मेंढरं ठिवू. आसऱ्याला न्हाई जायचं."

तिचा राग अजून गेला नव्हता, पण जेवल्याशिवाय मला सोडणं तिला जमणारं नव्हतं. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज, लसूण घातलेली. साताऱ्याहून निघाल्यापासून पोटात काही नव्हतं. मी दोन वाट्या प्याले आणि पेढ्यांचा गोळा तसाच राहिला.

पलूस, गुरुवार

तानाजीराव फौजेतून निवृत्त झालेले. पाठ ताठ, मिशी ताठ, बोलणं त्याहून ताठ. घरापुढं उसाचं रान, उसाची दाट भिंतच. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. चहात एवढी साखर की चमचा उभा राहावा.

"आवं, तुमीच व्हय त्या लेखिका? लय भारी लिवलंय. ग्रुपवर समद्यांनी अंगठं दावलं."

मी आल्याचं कारण सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी फोन केला हुता की हौसामावशीला. म्हनलं, जागा हाय, येऊन बसा. आन काय पायजे?"

"दरवर्षी फोन करता का?"

"न्हाई. दरसाल जातो. पर यंदा ह्ये तुमचं आलं न्हवं. ग्रुपवर एक जण म्हनला, ती तर आसऱ्याला येत्यात, तान्या कशाला आटपाडीला हेलपाटं घालतो? फौजेतला माणूस आन धनगराच्या दारात हुबा ऱ्हातो? मंग मलाबी वाटलं, खरंच की."

इथं माझा राग परत आला, आणि या वेळी तो कुणावर काढायचा याबद्दल मला जराही संकोच वाटला नाही.

"तानाजीराव, अठ्ठावीस वर्षं तुम्ही डोळ्यांनी बघताय. वडील जात होते, तुम्ही जाता. ते खरं, की माझ्यासारख्या एका बाईनं तीन कप चहा पिऊन लिहिलेलं खरं?"

"छापून आलं हुतं न्हवं."

"कुणीही छापतं! उंटसुद्धा छापतात! मी तुमच्या रानात आले, मेंढरं बसलेली बघितली आणि मनानंच ठरवलं की ती आसऱ्याला आलीत. एका शब्दानं कुणाला विचारलं नाही. चूक माझी. पण तुम्हाला तर माहीत होतं ना?"

ते मिशीवरून हात फिरवत बसले. मी बाहेर बघितलं. उसाच्या कडेला एक मोठा तुकडा नांगरून मोकळा ठेवलेला होता. आसपास वीतभर जमीन कुणी रिकामी ठेवली नव्हती.

"हा तुकडा कुणासाठी ठेवलाय?"

त्यांनी कपातला गार झालेला चहा पिऊन टाकला.

"ग्रुपवाल्यांना माहीत आहे का, कुणासाठी ठेवलाय ते?"

"त्येच तर," ते हळूच म्हणाले. "आता ग्रुपवर तसं पडल्यावर मी कोणत्या तोंडानं जाऊ? हसत्यात की, बाई."

म्हणजे तिकडं एक माणूस बोलावल्याशिवाय हलत नाही, इकडं दुसरा हसतील म्हणून हलत नाही, आणि मधे जमीन आणि मेंढरं दोन्ही उपाशी. सगळं माझ्या एका वाक्यापायी. मी त्यांचा फोन मागितला. त्यांच्याच ग्रुपवर लिहिलं : 'मी तो लेख लिहिणारी. मेंढरं आसऱ्याला येत नाहीत. तानाजीराव आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील स्वतः जाऊन बोलावतात, म्हणून येतात. मी न विचारता लिहिलं.' खाली माझं नाव टाकलं. एक अंगठा आला. त्यानंतर कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ पाठवली. दुपारचे तीन वाजले होते.

तानाजीरावांनी ते दोनदा वाचलं. "सकाळी आठला निघू," म्हणाले. "तुमीबी चला. तुमच्यामुळं झालंय."

आटपाडी, शुक्रवार

जीपमध्ये मागच्या सीटवर एक नारळ होता. विट्यापर्यंत तानाजीराव फौजेतल्या गोष्टी सांगत होते, विट्यानंतर गोष्टी संपल्या. आटपाडी जवळ आली तशी त्यांनी आरशात बघून मिशी नीट केली. मला मनातून फार बरं वाटत होतं. वाटत होतं, एवढी धावपळ केली त्याचं चीज होणार. हौसाबाई दारात उभी राहील, तानाजीराव नारळ पुढं करतील, ती काय म्हणेल, ते काय म्हणतील, हे सगळं मी ऐकणार आणि या वेळी नीट, विचारून, जसंच्या तसं लिहिणार. पर्समध्ये वही काढून वरच ठेवली होती.

हौसाबाई खरंच दारात उभी होती. मालकही घरी होते. तिनं तानाजीरावांकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तू भाईर बस," म्हणाली. "ह्ये आमच्यातलं हाय."

तिघं आत गेले आणि दार लोटलं गेलं.

खरं सांगते, मला राग आला. साताऱ्यापासून मी वणवण केली, दातांच्या डॉक्टरशी भांडले, ग्रुपवर स्वतःच्या नावानं चूक कबूल केली, आणि मलाच बाहेर! वाडग्याच्या कडेला एका दगडावर मी बसले. रेखानं चहा आणून दिला, तीही आत गेली. समोर मेंढरं होती. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. बुधवारी ती रानात होती, म्हणून मला हे दिसलं नव्हतं. आतून कधी हौसाबाईचा आवाज चढायचा, कधी सगळं शांत. एकदा कुणीतरी हसलं. शब्द एकही कळला नाही. दाराजवळ सरकावं असं दोनदा मनात आलं. पण मी पोस्टातली बाई आहे. सरकले नाही.

तासाभरानं तानाजीराव बाहेर आले. हातात नारळ नव्हता. त्यांचे डोळे लाल दिसले, पण मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हौसाबाई मला म्हणाली, "जेवून जा."

दसरा झाला तशी मेंढरं खाली उतरली. रेखानं पलूसच्या त्या मोकळ्या तुकड्याचा फोटो पाठवला. सगळा पांढराकाळा झालेला, मधे हौसाबाई पाठमोरी.

हा लेख मी त्याच मासिकाला पाठवला. मानसीनं कळवलं की कॅनडासकट चौघांचं एकमत झालंय आणि जुन्या लेखाखाली चूक कबूल करणारी टीप गेली आहे. नवा लेख सगळ्यांना फार आवडला. 'फक्त काकू,' तिनं लिहिलं होतं, 'शेवटी आत काय बोलणं झालं ते रिकामं राहिलंय. दोनचार संवाद तुम्हीच कल्पनेनं घालाल का? नाहीतर वाचक दाराबाहेरच राहील.'

मी उत्तर पाठवलं, 'राहू दे. मीही तिथंच बसले होते.'